गोरसोंची वाट

उत्तराखंडाच्या चमोली जिल्ह्यात, जोशीमठाच्या माथ्यावर, औली नावाचे ठिकाण आहे. जानेवारीपासून मार्चच्या आरंभापर्यंत तेथील उतारावर बर्फ असतो आणि स्कीइंग करणाऱ्या तरुणांची वर्दळ असते. भारत-तिबेट सीमा पोलिसांची पर्वतारोहण व स्कीइंग शिकविणारी संस्थाही तेथेच आहे. २०११ साली दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडास्पर्धांचा काही भाग याच उतारावर भरला होता, आणि बर्फ कमी पडला तर यंत्राने तो तयार करता यावा म्हणून बांधलेले कृत्रिम तळे आजही माथ्यावर दिसते. मे महिन्यात मात्र या जागेचे रूप निराळे असते. उतारावर कोवळे गवत उगवते, आणि औलीच्या वरच्या टोकापासून देवदार व ओकच्या रानातून निघणारी एक पायवाट सुमारे तीन किलोमीटरवर गोरसों नावाच्या विस्तीर्ण गवताळ माळावर जाऊन पोहोचते. अशा उंचावरच्या कुरणाला गढवालात बुग्याल म्हणतात.

हळदीच्या सौद्यांची गर्दी ओसरल्यावर सांगलीचे एक अडत व्यापारी, त्यांच्या पत्नी आणि धाकटी कन्या या वाटेवर आले होते. पेढीवर सारे त्यांना अण्णा आणि आक्का म्हणत. अण्णांचे वय एकसष्ट. आदल्या वर्षी हृदयाच्या एका रक्तवाहिनीत स्टेंट बसविलेला. डॉक्टरांनी सावकाश चालण्यास परवानगी दिली होती, ‘सावकाश’ या शब्दावर दोनदा जोर देऊन. बद्रीनाथच्या वाटेवरचे हजारो यात्रेकरू खालच्या रस्त्याने पुढे जात होते. हे तिघे मात्र एका सौद्याच्या निमित्ताने वर आले होते.

सौदा होता धाकटीच्या विवाहाचा. येत्या हिवाळ्यात विवाह योजिला होता, आणि तो औलीच्या बर्फात व्हावा असे अण्णांनी मनाशी ठरविले होते. व्यापारातील एका स्नेह्याच्या घरचे लग्न राजस्थानातील किल्ल्यात झालेले त्यांनी पाहिले होते. सोहळा जुळवून देणाऱ्या मंडळींनी रंगीत चित्रांसह अंदाजपत्रक पाठविले होते : दोनशे पाहुणे, त्यांच्या दिमतीला तितकीच माणसे, चार दिवस, पांढऱ्या उतारावर फुलांचा मंडप. आगाऊ रक्कम भरावयाची मुदत जवळ आली होती. वरपक्षाचा आग्रह काहीच नव्हता. धाकटीने विरोध केला नाही, रुसली नाही, केवळ एवढेच म्हणाली, “अण्णा, नमुना हातात घेतल्याशिवाय तुम्ही एक पोतं हळद घेत नाही. मग हा सौदा चित्र बघून कसा करता? एकदा जाऊ, चालून बघू. त्यानंतर तुम्ही म्हणाल तसं.”

या युक्तिवादाला अण्णांपाशी उत्तर नव्हते. हळकुंड मोडून आतला रंग पाहिल्यावाचून भाव बोलू नये, हे त्यांनीच मुलांना शिकविले होते.

हरिद्वारहून निघालेला रस्ता देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग असे एकेक संगम ओलांडीत जोशीमठाला पोहोचतो. तेथे पहिला मुक्काम केला. उंचीशी शरीराची ओळख होऊ द्यावी, एकदम वर धावू नये, हा डॉक्टरांचाही सल्ला होता आणि वाटाड्याचाही. पूर्वी जोशीमठाहून औलीला चार किलोमीटर लांबीच्या रज्जुमार्गाने जाता येई. २०२३ च्या जानेवारीपासून तो बंद आहे. त्या महिन्यात जोशीमठाच्या भूमीला भेगा पडल्या. आठशेहून अधिक घरे तडकली. एकमेकांकडे झुकलेली दोन हॉटेले पाडावी लागली. इस्रोच्या उपग्रहांनी टिपलेल्या नोंदींनुसार २७ डिसेंबर ते ८ जानेवारी या बारा दिवसांत तेथील जमीन ५.४ सेंटिमीटर खचली होती. हे गाव प्राचीन दरडीच्या ढिगाऱ्यावर वसले आहे, येथे अवजड बांधकाम करू नये, असे गढवालच्या तत्कालीन आयुक्तांच्या, म्हणजे मिश्रा यांच्या समितीने १९७६ सालीच लिहून ठेवले होते.

संध्याकाळी अण्णा गावातून फेरी मारण्यास गेले. काही भिंतींवर लाल रंगाने काढलेली फुलीची खूण अद्याप दिसत होती. ज्या घरात राहणे धोक्याचे, त्या घरावर ती काढलेली. एका घराच्या उंबऱ्यापासून छतापर्यंत गेलेली भेग पाहून अण्णा थबकले. त्या दाराला कुलूप होते, परंतु अंगणातील तुळशीला कोणीतरी पाणी घातलेले होते. मुक्कामावर परतल्यावर ते फारसे बोलले नाहीत. सूर्य डोंगराआड जाण्यापूर्वी तिघांनी जेवण उरकले आणि लवकर निजले.

दुसरा मुक्काम औलीला झाला. तिसऱ्या दिवशी पहाटे आक्का पाणी उकळावयास बसल्या. घरी पिण्याचे पाणी गाळून, उकळूनच घेण्याची रीत त्यांनी प्रवासातही सोडलेली नव्हती. पातेल्यात बुडबुडे लवकर आले म्हणून त्यांना नवल वाटले. धाकटीने सांगितले की जसजसे वर जावे तसतसा हवेचा दाब उतरतो, आणि तीन हजार मीटरांवर पाणी शंभराऐवजी नव्वदच्या आसपास अंशांवरच उकळू लागते. म्हणून डाळ शिजायला येथे वेळ लागतो. “म्हणजे उकळलं असं दिसतं, पण पुरतं तापलेलं नसतं,” आक्का म्हणाल्या आणि पातेले आणखी काही वेळ चुलीवर ठेवले. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि सांगलीहून आणलेला भडंग असा शिधा पाठीवरच्या पिशवीत भरला. सात वाजता वाटाड्या आला. पंचविशीतला, जोशीमठाचाच मुलगा. निघण्यापूर्वी त्याने एकच अट घातली : “बारा वाजले की जिथे असू तिथून मागे फिरायचे. तलाव दिसो, शिखर दिसो, वा काही न दिसो.”

अण्णांना ही अट आवडली. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या घरात त्यांचा जन्म गेला होता. गिऱ्हाईक कितीही मोठे असो, वेळ झाली की ते पेढीवरून उठत. घड्याळापेक्षा सूर्याला मानणारा माणूस डोंगरातही असतो, हे पाहून त्यांना बरे वाटले.

वाट प्रथम रानातून चढत होती. देवदारांची सरळ खोडे, खरसू नावाच्या ओकची काटेरी कडांची पाने, आणि अधूनमधून बुरांशचे झाड. काही झाडांवर फुले अजून टिकली होती, काहींखाली लाल पाकळ्यांचा सडा होता. आक्का त्या पाकळ्या चुकवीत पावले टाकीत होत्या. अण्णांचा श्वास पहिल्या शंभर पावलांतच वाढला. या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे सत्तर टक्केच असतो, आणि प्रत्येक श्वासात प्राणवायूही तितकाच कमी येतो. वाटाड्याने त्यांना गढवाली चाल शिकविली : पाऊल लहान टाकावे, टाच पुरती टेकवावी, बोलता येईल इतक्याच वेगाने चालावे, बोलताना धाप लागली तर वेग अधिक आहे असे समजावे. चाळीस वर्षे अण्णा घाईने चालत आले होते. वखारीतून पेढीवर, पेढीवरून बँकेत. आता वीस पावले आणि एक विसावा, असे माप पडले. विहार करणारे मुनी उन्हातान्हात अनवाणी कसे चालत असतील, हा विचार त्यांच्या मनात आला आणि आपल्या नव्या कोऱ्या बुटांकडे पाहून ते स्वतःशीच हसले.

रान संपले आणि एकाएकी आभाळ मोठे झाले. पुढे माळ होता. झाड नाही, कुंपण नाही, दूरवर मेंढ्यांचे ठिपके. बर्फाच्या काही लाद्या उताराच्या सावलीत अजून शिल्लक होत्या आणि त्यांच्या कडेने, वितळल्या पाण्याच्या ओलीवर, बोटभर उंचीची जांभळी फुले उगवली होती. समोर पर्वतांची रांग उभी होती. वाटाड्याने एकेकाचे नाव सांगितले : द्रोणागिरी, हाथी पर्वत, आणि या साऱ्यांच्या मागून वर आलेली, ७,८१६ मीटर उंचीची नंदादेवी. १९३६ साली माणूस प्रथम त्या शिखरावर पोहोचला. पुढे इतके लोक येऊ लागले की तिच्या पायथ्याचे कुरण आणि रान वाचविण्यासाठी १९८३ पासून तो अंतर्भाग गिर्यारोहकांना बंद करावा लागला. १९८८ साली त्याची गणना जागतिक वारशात झाली. गढवालची माणसे या पर्वताला घरची लेक मानतात, सासरी दिलेली. धाकटी ते ऐकून आईकडे पाहून हसली.

अण्णा एका दगडावर बसले आणि पिशवीतून अंदाजपत्रकाचा कागद काढला. मंडपाची जागा चित्रात कोणत्या बाजूला आहे, हे त्यांनी वाटाड्याला विचारले. तो चित्रातला उतार औलीचाच निघाला, खालचा. कागद वाचता न येण्याइतक्या बारीक अक्षरांत शेवटी एक ओळ होती, ती धाकटीने वाचून दाखविली : बर्फ पडणे निसर्गाधीन असून त्याची हमी देता येत नाही. अलीकडच्या काही हिवाळ्यांत पुरेसा बर्फ न पडल्याने येथील स्पर्धाही रद्द कराव्या लागल्या, असे वाटाड्या म्हणाला. माल येईल की नाही याची हमी नसताना आगाऊ रक्कम मागणारा व्यापारी अण्णांनी आपल्या पेढीच्या पायरीवरही उभा केला नसता.

मग वाटाड्याने आपणहून २०१९ च्या जूनची गोष्ट काढली. परदेशात व्यापार वाढविलेल्या एका धनाढ्य घराण्यातील दोन लग्ने त्या वेळी औलीत झाली. त्यानंतर मागे राहिलेल्या कचऱ्याची चर्चा साऱ्या देशात झाली. प्रकरण नैनीतालच्या उच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाने त्या घराण्याला तीन कोटी रुपये अनामत भरण्यास सांगितले. “पण शेठजी, खोटे कशाला बोलू,” तो म्हणाला, “त्या दिवसांत मलाही मजुरी मिळाली होती. घराला हातभार लागला. आज त्या घराला भेग आहे, तो भाग निराळा.”

अण्णा चमकले. “म्हणजे लाल फुलीचं?”

“लाल फुली आमच्या शेजाऱ्यांच्या घरावर. आमच्या घराला भेग आहे, फुली नाही. म्हणून आम्ही अजून तिथेच राहतो.”

काही काळ कोणी बोलले नाही. मग अण्णांनी व्यापाऱ्याच्या सवयीने सरळ प्रश्न केला : आम्ही यावे की न यावे? न आलो तर तुझी मजुरी जाते, आलो तर तुझा डोंगर. वाटाड्याने गवताचा एक उपटलेला थर उचलून दाखविला. खाली वीतभरही माती नव्हती, तिच्याखाली खडक. वर्षातले जवळजवळ निम्मे महिने हा माळ बर्फाखाली असतो आणि उरलेल्या थोड्या दिवसांत गवताला उगवून, फुलून, बी धरावे लागते. ते एकदा तुडवले गेले की पावसाचे पाणी त्या जागेतून वाट काढते आणि माती वाहून नेते. म्हणूनच २०१८ च्या ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने बुग्यालांवर रात्रीचा मुक्काम बंद केला आणि एका दिवशी दोनशेपेक्षा अधिक माणसे नकोत असा आदेश दिला. “या, शेठजी. पण थोडे थोडे या, आणि चालत या,” तो म्हणाला. “इथे जे लागते ते सारे खालून वर आणावे लागते. उरते तेही कोणीतरी खाली न्यावे लागते. कोण नेणार, एवढे फक्त आधी ठरवून या.”

दोनशे माणसे. न्यायालयाने साऱ्या माळासाठी ठरविलेला आकडा आणि अण्णांच्या पाहुण्यांचा आकडा एकच होता, आणि त्यांत आचारी, वाजंत्री, मंडपवाले धरलेलेच नव्हते.

आक्का वाटाड्याला दशमी देत होत्या. धाकटी वडिलांजवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, “अण्णा, हे सगळं माझ्यासाठी आहे का ताईसाठी?”

अण्णांनी उत्तर दिले नाही. थोरलीचे लग्न ज्या वर्षी झाले, त्या वर्षी हळदीचे भाव कोसळले होते आणि वखारीतला माल पडून होता. समाजाच्या बोर्डिंगच्या आवारात, घरच्याच माणसांनी कापडी मांडव घालून ते कार्य उरकले होते. शेवटच्या पंगतीला जिलेबी कमी पडली. कोणी काही बोलले नव्हते. परंतु त्या पंगतीतली रिकामी पाने अण्णांच्या डोळ्यांपुढून बारा वर्षांत हलली नव्हती. धाकटीच्या लग्नात ते जुने देणे व्याजासह फेडावे, असे त्यांनी कोणालाही न सांगता ठरविले होते. ज्याचे देणे त्यालाच फेडावे लागते, एकाच्या खात्यावरचे दुसऱ्याच्या खात्यावर जमा करता येत नाही, हे खतावणी लिहिणाऱ्या माणसाला कोणी सांगावयास हवे होते असे नाही. तरीही लेकीने विचारीपर्यंत ते त्यांना दिसले नव्हते.

माळाच्या पलीकडे छत्रकुंड नावाचे छोटे पाणी आहे. ते पाहूनच परतायचे, असे अण्णांनी निघताना मनात धरले होते. साडेअकराला त्यांनी उठून काठी घेतली. परंतु खालच्या दरीतून ढग वर चढू लागले होते. प्रथम कापसासारखे, मग तळाशी काळवंडलेले. वाटाड्याने आकाशाकडे पाहिले आणि बारा वाजण्याची वाट न पाहता परतण्यास सांगितले.

“एवढ्यासाठी इतक्या लांब आलो, आता अर्ध्या तासावर राहिलं,” अण्णा म्हणाले. हाती घेतलेला व्यवहार अर्धा सोडणे हे त्यांच्या स्वभावात नव्हते.

“उघड्या माळावर वीज पडते तेव्हा तिथे सर्वांत उंच माणूसच असतो, शेठजी.”

अण्णांनी एकवार त्या दिशेला पाहिले आणि काठी फिरविली. ते अर्ध्या माळावर आले असतील नसतील, तोच गारा सुरू झाल्या. हरभऱ्याएवढ्या, मग बोराएवढ्या. आक्कांनी पदर डोक्यावर घेतला. धाकटीने अंगावरचा रेनकोट आईवर टाकला. घाई करू नका, श्वास सोडून पाऊल टाका, असे वाटाड्या पुन्हा पुन्हा सांगत होता. अण्णांच्या छातीत धडधड वाढली तेव्हा लेकीने त्यांचा हात धरला आणि मोठ्याने पावले मोजू लागली. वीस झाली की थांबायचे, दहा श्वास, मग पुढची वीस. रानाच्या कडेला पोहोचेपर्यंत माळ पांढरा झाला होता. चित्रातला मंडप ज्या पांढऱ्या उतारावर उभा होता, तसाच; फक्त आता तो पाहण्यास कोणी थांबले नव्हते. वाटेच्या थोड्या खाली, रानाच्या आडोशाला, मेंढपाळ आपल्या कळपातले एक करडू घोंगडीत धरून बसलेला होता. त्याने सरकून आक्कांना जागा करून दिली.

तीन वाजता ते औलीला सुखरूप पोहोचले. ओले कपडे बदलून, गरम पाणी पिऊन अण्णा खिडकीशी बसले. ढग सरले होते आणि नंदादेवीच्या खांद्यावर ऊन पडले होते. सूर्यास्ताला अद्याप अवकाश होता; आक्का मुगाच्या खिचडीची व्यवस्था पाहण्यास स्वयंपाकघरात गेल्या होत्या, ती शिजावयास येथे वेळ लागणार हे त्यांना आता ठाऊक होते.

अण्णांनी पहिला फोन सोहळेवाल्यांना केला. रक्कम पाठवीत नाही, एवढेच सांगितले. कारण दिले नाही. वाटाड्याला ठरल्या मजुरीखेरीज चार दिवसांची मजुरी अधिक दिली आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात धाकटी आणि जावई यांना घेऊन येण्याचे ठरविले. चौघांनी, चालत, छत्रकुंडापर्यंत.

दुसरा फोन इचलकरंजीला, थोरलीला होता. बराच वेळ गारांचे, फुलांचे, वाटेचे वर्णन झाले. मग अण्णा थांबले आणि म्हणाले, “ताई, तुझ्या लग्नात शेवटच्या पंगतीला जिलेबी कमी पडली होती. तुला आठवतं का?”

पलीकडे थोरली क्षणभर गप्प राहिली.

“जिलेबीचं नाही आठवत, अण्णा,” ती म्हणाली. “त्या पंगतीला तुम्ही स्वतः वाढत होता, ते आठवतं. पंगतीत आमच्या पेढीचे हमाल बसले होते. तुम्ही प्रत्येकाला नाव घेऊन आग्रह करत होता. आमच्या सासऱ्यांनी तेव्हाच मला म्हटलं होतं, पोरी, घर चांगलं बघून आलीस.”

अण्णांनी फोन ठेवला तेव्हा आक्का जेवावयास बोलावीत होत्या. सूर्य डोंगरावर अजून हातभर होता.